रांबाड्यांचं झाड

अयूबभाई दुबईहून कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या सामानात टीव्ही नव्हता, व्हीसीआर नव्हता, सोनं तर नव्हतंच. एका खोक्यात मॅकिन्टॉश कॉम्प्युटर होता आणि दुसऱ्यात लेझर प्रिंटर. अजराभाभींनी दोन्ही खोकी उघडेपर्यंत वाट पाहिली आणि मग बरेच दिवस नवऱ्याशी फक्त जेवणापुरतं बोलल्या. नातेवाईक येऊन मशीन पाहून जात. एवढी वर्षं वाळवंटात काढून माणसाने एक पेटी आणली आणि तिच्यावर सिनेमासुद्धा लागत नाही, असं भाभींच्या मावशीने सगळ्या राजिवडा मोहल्ल्यात सांगितलं.

अयूबभाई तिकडे जाहिरातींच्या छापखान्यात होते, तिथे हे काम शिकले होते. त्यांनी धनजी नाक्याजवळ एक गाळा घेतला आणि मराठी टायपिंगसाठी मला ठेवलं. मी तोवर टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मुलींना शिकवत होते आणि तिथल्या सरांशी भांडून नुकतीच बाहेर पडले होते. माझा स्वभाव तापट आहे हे अयूबभाईंना आधीच कोणीतरी सांगितलं होतं. ते म्हणाले, "राही, मशीनवर राग काढू नको, बाकी कोणावर काढ."

मशीनमध्ये दोन प्रोग्रॅम होते. एक चित्रांचा, इलस्ट्रेटर. दुसरा पानांचा, पेजमेकर. चित्रांच्या प्रोग्रॅमला दोन बिंदू दिले की मधली रेघ तो आखी, आणि ती रेघ नखाएवढी छापा की भिंतीएवढी, तिची धार जात नसे. मजकूर, समास, रकाने हे सगळं पेजमेकरकडे. चित्रांचं पुस्तक करायचं तर दोघेही हवेत, आणि दोघे एकत्र नांदायला तयार नाहीत. एक उघडला की दुसरा बंद करायचा, कारण मशीनच्या डोक्यात एका वेळी एकच मावे. चित्र काढा, बंद करा, पान उघडा, चित्र आणून बसवा, चूक दिसली की पान बंद करा, चित्र उघडा. बरं, चित्रात दुरुस्ती केली तरी पानात जुनंच चित्र ठाण मांडून बसलेलं असे. नवं पुन्हा आणून बसवावं लागे. माझ्या आईला दोन जावा होत्या, त्यामुळे मला ह्यात फारसं नवल वाटलं नाही. शिवाय मध्येच लाईट जाई आणि सगळंच जाई. पोफळीच्या वीजकेंद्रात वीज तयार होते हे आम्हांला शाळेत शिकवलं होतं. ती पुढे कुठे जाते ते शिकवलं नव्हतं.

लग्नपत्रिका, क्रिकेटच्या स्पर्धांची हँडबिलं असं करत करत आमच्याकडे पहिलं पुस्तक आलं ते रांबाड्यांचं.

कोकणात कुलवृत्तांत काढायची साथ अधूनमधून येते. मूळपुरुष कोण, त्याला मुलगे किती, त्यांना मुलगे किती, असं करत आजच्या पाळण्यातल्या पोरापर्यंत यायचं आणि सोबत वंशवृक्ष छापायचा. तोवर ही साथ ठरावीक घराण्यांत होती. त्या वर्षी ती संगमेश्वराच्या आतल्या अंगाला सावरकोंडच्या रांबाड्यांना लागली. निम्मं घराणं गावात भात लावणारं, निम्मं मुंबईत गिरणीत आणि गोदीत. मुंबईच्या मंडळाने ठराव केला, सेक्रेटरी भिकाजी रांबाडे दर सुट्टीला येऊन ठरावाची आठवण करून देऊ लागला, आणि नावं गोळा करण्याचं खरं काम धोंडूबाबांनी केलं.

धोंडूबाबा हे गावातले वयस्कर शेतकरी, आणि सरळपणाच्या बाबतीत अवघड माणूस. बांध तिरका दिसला तर दुसऱ्याचा असला तरी ते मोडून पुन्हा घालत. त्यांनी वाडी-वाडी पायी फिरून नावं आणली होती, आणि जे नाव दोन माणसांनी सांगितलं नाही ते लिहिलं नव्हतं. आधी हे काम त्यांनी खिळे जुळवणाऱ्या एका जुन्या छापखान्यात दिलं होतं. तिथे पितळी पट्ट्यांनी फांद्या करायचा प्रयत्न झाला, पण सांधे जुळेनात. प्रुफात एकाचा नातू त्याच्या चुलत्याखाली गेला आणि सावरकोंडात दोन घरांचं बोलणं बंद झालं. तेव्हा ते आमच्याकडे आले.

आमच्या मशीनवर झाड झकास आलं. प्रत्येक पुरुषाला एक चौकट, बापापासून लेकापर्यंत उभी रेघ. अडचण आली ती पानांची. झाड रुंद आणि पान अरुंद, त्यामुळे कुठेतरी दोन पानांच्या मध्ये घराणं तुटणारच. मी तोडलं ते नेमकं काशीराम आणि धाकू ह्या दोन भावांच्या मध्ये आलं. त्यांच्यात जमिनीची वाटणी झाल्यापासून विस्तव जात नव्हता. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. दोघेही वेगवेगळ्या दिवशी येऊन पाहून गेले, आणि दोघांनीही मान हलवून बरोबर आहे म्हणून सांगितलं.

धोंडूबाबांनी नियम करून आणले होते. त्यातला एक असा: झाडात फक्त मुलगे. मुलीची नोंद मजकुरात, सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. आणि ज्याला मुलगा नाही त्याच्या चौकटीखाली उभी रेघ थोडी आणून तिच्यावर आडवी रेघ मारायची. फांदी तिथे संपली.

आडवी रेघ मारायची पहिलीच वेळ आली ती धोंडूबाबांच्याच नावाखाली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून जागा दाखवली आणि म्हणाले, "हितं मार. नीट मार, तिरकी नको."

मी मारली. माणूस स्वतःलाही सोडत नव्हता, आणि त्यामुळेच मला त्याचा जास्त राग आला.

पुढे एकदा धोंडूबाबांना ताप होता म्हणून दुरुस्तीची नावं घेऊन त्यांची मुलगी आली. तिचं नाव चिमा. तिशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली, हातात कुळथाच्या पिठाची पुडी, ती तिने आल्याआल्या माझ्या टेबलावर ठेवली. दुरुस्त्या झाल्या, तरी ती उठेना. पडद्याकडे पाहत म्हणाली, "ताई, ह्यात मी कुटं हाय?"

मी तिला नियम सांगितला. मजकुरात पान काढून दाखवलं. 'धोंडू. कन्या सखू, पती अमुक, मुक्काम चिपळूण.' तिथे तिच्या बहिणीपुरतं एवढंच होतं.

"तुझं सासर कुठलं?" मी विचारलं.

"सासर व्हता. नवऱ्यानं मुंबैत दुसरी केलान. मी बापसाकडं आलंय, त्याला लई पावसाळं झालं. शेत मीच करतंय." हे तिने भाताचा भाव सांगावा तसं सांगितलं. "तिकडच्या झाडात तिचा नाव लागंल. आनि हितं मी लागत नाय. बापूस म्हनतो नेमात बसत नाय."

चिमाने पदराने नाक पुसलं. मग ती हळूच म्हणाली, "कुटंतरी बसवा की, ताई. बारीक अक्षरात बसला तरी चालंल. मानसाचा नाव कुटंतरी होवा."

मी पेजमेकर बंद केला. इलस्ट्रेटर उघडला, झाड आणलं, धोंडूबाबांच्या चौकटीपाशी गेले. आडव्या रेघेला हात लावला नाही. तिच्याखालून उभी रेघ ओढली, खाली चौकट केली आणि तिच्यात लिहिलं, चिमा. बारीक नाही, सगळ्यांची होती त्याच मापाची. चिमाला थोडंफार वाचता येत होतं. तिने ते एकेक अक्षर लावून वाचलं आणि म्हणाली, "पुसू नका हां."

ती गेल्यावर मी ते पुसायला हवं होतं. मी ते तसंच ठेवलं.

बरं वाटल्यावर धोंडूबाबा आले. मी सरळ विषय काढला. "बाबा, चिमाचं काय?"

"काय म्हंजे?"

"ती कुठेच नाही. ना नवऱ्याच्या घरात, ना तुमच्या."

"नेमात बसत नाय."

"नियम तुम्हीच केलात."

"म्हनून तर," ते म्हणाले. "मीच केला आनि माज्याच घराला सूट दिली, तर लोकं त्वांडात शेन घालतील. आज चिमा आली तर उद्या सगल्यांच्याच पोरी येतील."

"येऊ देत की."

त्यांनी ह्यावर खरोखर विचार केला. "कागूद केवडा लागंल?" त्यांनी विचारलं.

"तुम्हांला भाकरी कोण करून घालतं?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. बाहेर पत्रिका न्यायला आलेलं गिऱ्हाईक परत गेलं. "भात कोण लावतं तुमचा? तापात पाणी कोण देत होतं? तो तुमचा नियम?"

धोंडूबाबा उठले, टोपी नीट केली आणि एसटीच्या वेळेच्या बऱ्याच आधी स्टँडवर जाऊन बसले. अयूबभाई मला म्हणाले, "मशीनवर काढला असतास तर बरं झालं असतं."

अखेर काम पुरं करायचं होतं. पेजमेकरमध्ये एक सोय आहे. पानात चित्र बसवलं की त्याची चौकट वरून-खालून आत ओढता येते. जेवढं चौकटीबाहेर जाईल तेवढं छापलं जात नाही. चित्रातून मात्र ते कुठे जात नाही. मी धोंडूबाबांच्या पानावर चौकट खालून वर ओढली, आडव्या रेघेपर्यंत. तिच्याखाली त्या पानावर दुसरं कोणी नव्हतंच. चिमा खाली गेली. मशीनच्या लेखी ती होती आणि पुस्तकाच्या लेखी नव्हती. बऱ्याच घरांत बायकांना असंच ठेवलेलं असतं, त्यामुळे कोणाला काही जाणवलं नाही. भिकाजीने पानं पास केली, धोंडूबाबांनी पट्टी लावून रेघा तपासल्या, आणि आम्ही पानं कोल्हापूरला छपाईला पाठवली.

पुस्तकं आली. मग भिकाजीच्या डोक्यात आलं की प्रकाशनाला झाड भिंतीएवढं हवं. देवळापुढच्या चौथऱ्यावर, सहाणेवर, पडद्याआड लावायचं आणि अध्यक्षांनी पडदा ओढायचा. मी तेव्हा बहिणीच्या बाळंतपणासाठी गुहागरला होते. अयूबभाईंनी विचार केला, मोठं करायचं तर पानांतून कशाला, मूळ चित्रच चौपट करून तुकड्या-तुकड्यांनी छापू. विचार अगदी बरोबर होता. लेझरमधून कागदांचा गठ्ठा निघाला, आणि अजराभाभींनी घरच्या पडवीत मैद्याची खळ करून ते एकाला एक जोडले. एव्हाना त्यांचं मशीनशी जरा जमलं होतं.

मी परत आले ती प्रकाशनाच्या दिवशी सकाळीच, आणि तशीच टेम्पोत बसले. मागे झाडाची गुंडाळी, पुढे आम्ही तिघं. वाटेत भाभी म्हणाल्या, "सगला चांगला चिकटलाय. ती एक बाय खाली एकलीच हाय ना, लोंबत, तिला खळ जरा जास्त लावलीय."

मी झटकन वळले. "कोण बाई?"

"तीच, चिमा. एवड्या बाप्यांत एकच बाय, म्हनून ध्यानात ऱ्हायली."

मी अयूबभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी टेम्पो थांबवायला लावला. गुंडाळी उलगडून पाहिली तर भाभींनी खरंच खळ भरपूर लावली होती. चिमाला काढायचं तर आजूबाजूचं अर्धं घराणं फाटलं असतं. अयूबभाई रस्त्याच्या कडेला जांभ्या दगडाच्या गडग्यावर बसले. "पहिलाच पुस्तक," ते म्हणाले. "ह्यानंतर कोन देईल काम?" मला दुकानाची काळजी नव्हती असं नाही. पण डोळ्यांपुढे चिमा येत होती. भरल्या सभेत तिचं नाव आधी दिसणार आणि मग फाडलं जाणार. ती बिचारी कुठेच नव्हती ते परवडलं असतं.

सावरकोंडात मंडप भरलेला होता. मुंबईची मंडळी पुढे खुर्च्यांवर, गाव खाली, बायका मागे चुलवणांपाशी. चिमा पंगतीच्या पाण्याचे हंडे भरत होती. भिकाजीने माईक हातात घेऊन बराच वेळ मंडळाचं कौतुक केलं. मग अध्यक्षांनी पडदा ओढला. आधी टाळ्या झाल्या. मग मुंबईकर आपापलं नाव शोधायला पुढे सरकले, आणि भिकाजीने धोंडूबाबांच्या हातात छडी देऊन त्यांना झाड समजावून सांगायला उभं केलं.

धोंडूबाबा मूळपुरुषापासून निघाले. छडी एकेका नावावर ठेवायची, नाव म्हणायचं, खाली उतरायचं. आवाजात चढउतार नाही. काशीराम झाला, धाकू झाला. दोघे मंडपाच्या दोन टोकांना बसून आपापल्या वेळी मान हलवून मोकळे झाले. मग छडी त्यांच्या स्वतःच्या फांदीवर आली. "धोंडू," ते म्हणाले. छडी आडव्या रेघेवर आली आणि तिथेच थांबली.

खालची चौकट आता थाळीएवढी होती. मागच्या माणसालाही दिसत होतं.

भिकाजीला ते सर्वांत आधी कळलं. "मंडळी, ही प्रेसची चूक आहे," तो माईकमध्ये म्हणाला आणि आमच्याकडे पाहिलं. सगळ्या मंडपाने पाहिलं. "आत्ता दुरुस्त करतो. तेवढंच कापून काढू. भागोजी, काय आहे का तुझ्याकडे?"

भागोजी म्हणजे धोंडूबाबांचा चुलत भाऊ. त्याने कमरेची चंची सोडली आणि अडकित्ता काढून दिला. मी उभी राहिले. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येणार नाही, पण ते वाईट असणार. मागे चिमा डोक्यावरचा हंडा न उतरवता तशीच थांबली होती.

"थांब," धोंडूबाबा म्हणाले. ते भिकाजीशी बोलत होते. "ही आडवी रेग कशापायी?"

"फांदी संपली म्हणून, बाबा. तुमचाच नियम."

"आनि खाली काय हाय?"

भिकाजी अडकित्ता उघडू लागला. "सांग की. काय ल्हिवलंय?" धोंडूबाबांनी विचारलं.

"चिमा," मागून बायकांतून कोणीतरी म्हणालं.

"म्हंजे फांदी खपली, आनि खाली मानूस हाय," धोंडूबाबा म्हणाले. "दोनी एकदम खरा कसा असंल? ह्यातला एक खोटा हाय. खोटा कागदावर ठेवायचा नाय."

"तेच म्हणतो मी. खालचं कापतो."

"खालचा खोटा कसा?" म्हातारा म्हणाला. छडीने त्याने सबंध मंडपावरून मागे दाखवलं. "ती काय, हंडा घेऊन उबी हाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. चिमा खरोखरच हंडा घेऊन उभी होती.

धोंडूबाबांनी भागोजीच्या चंचीतली चुन्याची डबी उघडली, बोटभर चुना घेतला आणि आडव्या रेघेवर फासला. उभी रेघ झाकली जाऊ नये म्हणून आधी डावीकडून सांध्यापर्यंत, मग उजवीकडून. दोन पावलं मागे येऊन पाहिलं, डाव्या बाजूला थोडं काळं दिसत होतं, तिथे पुन्हा बोट फिरवलं. मग बोट धोतराला पुसलं, छडी उचलली आणि पहिल्यापासून नाही, नेमकी जिथे सोडली होती तिथूनच सुरुवात केली.

"धोंडू. धोंडूची चिमा," ते म्हणाले, आणि पुढच्या फांदीवर गेले.

मी खाली बसले आणि ढसाढसा रडले. त्या माणसावरचा माझा राग काही गेला नव्हता, पण रडू आलं ते आलं. भाभींनी मला त्यांचा रुमाल दिला. त्याला खळीचा वास येत होता. चिमा हंडा घेऊन पंगतीकडे गेली. तिने तो तिथे उतरवला, त्याच्याशेजारी खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. त्या दिवशी पंगतीला पाणी दुसऱ्या बायकांनी वाढलं.

जेवणं झाल्यावर धोंडूबाबा माझ्याकडे आले. "पुस्तकात नाय ना ती?"

"नाही. पुढच्या आवृत्तीत घालू."

"पुढच्या आवृत्तीला मी नसंन. पेन हाय?"

पेन होतं. सहाणेवर पुस्तकांच्या गठ्ठ्याशेजारी आम्ही बसलो. मी पान काढून देई, ते चुन्याने आडवी रेघ पुसत, वाळेपर्यंत फुंकर मारत आणि मग खाली लिहीत. पट्टी लावून रेघ, चौकट, नाव. काही मुंबईकर आपापल्या प्रती बदलून घ्यायला आले. भिकाजी आधी लांब उभा होता, नंतर तोच वाळलेल्या प्रती उचलून रचू लागला. काशीराम येऊन हळूच म्हणाला की त्यालाही एक मुलगी आहे. धोंडूबाबा मान वर न करता म्हणाले, "लायनीत ये."

पहिली दुरुस्त प्रत त्यांनी चिमाला दिली नाही. पहिली प्रत ग्रामदेवतेपुढे ठेवायची असा नियम होता, ती तिथे गेली. दुसरी दिली.